श्रीरंग शेणकिड्याचा बसका गोळा

एका जंगलात, बाळांनो, श्रीरंग नावाचा शेणकिडा राहत होता. नाकं मुरडू नका. तुमच्या बाबांच्या कामालाही वास असतो, ते फक्त सेंट मारून जातात.

श्रीरंग शेणाचे गोळे वळायचा. गोळा झाला की त्यावर चढायचा, स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचा, सूर्य बघून घराची दिशा ठरवायचा आणि "वा!" म्हणायचा. मग डोकं खाली, मागचे पाय गोळ्याला लावून उलटा ढकलत न्यायचा. त्या एका "वा!"साठी तो जगत होता.

मालक होते हत्तीसाहेब. कच्चा माल त्यांचाच.

एके दिवशी साहेबांनी यंत्र आणलं. यंत्र दिवसाला चारशे गोळे वळू लागलं. श्रीरंगने शेजारी बसून गोळा चांगला की वाईट ते बघायचं आणि फक्त मान हलवायची.

"श्रीरंग, हल्ली तुझं 'वा!' ऐकू येत नाही," साहेब म्हणाले.

"मान हलवण्याला काय 'वा!' म्हणू, साहेब?"

साहेबांना पटलं. त्यांनी यंत्राला भोंगा बसवला. आता प्रत्येक गोळ्यामागे यंत्रच "वा!" म्हणू लागलं. तेही श्रीरंगच्या आवाजात.

श्रीरंगला रडू आलं. तो वारुळामागे गेला आणि ताज्या शेणाचा गोळा स्वतः वळू लागला. सवय मोडली होती. गोळा एका बाजूने बसला. वर चढून गिरकी घेताना श्रीरंग धपकन पडला आणि कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसला.

त्याची बायको इंदू धावत आली. "अहो, हा असला बसका गोळा?"

"मी केलाय."

"मग राहू दे. मी ह्यातच अंडी घालणार."

तेवढ्यात झाडाआडून हे सगळं बघत असलेले हत्तीसाहेब पुढे आले. श्रीरंग गोळ्याआड झाला. साहेबांनी गोळा न्याहाळला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अरे, केवढा जिव्हाळा आहे ह्या बसकेपणात!"

गोळा सोंडेत धरून ते यंत्राला दाखवायला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र चारशे बसके गोळे वळू लागलं. प्रत्येकावरून धपकन पडून हसूही लागलं. कुठला गोळा चांगला नि कुठला वाईट, हे आता बघायचंच नव्हतं. त्यामुळे मान हलवायलाही कुणी नको होतं.

श्रीरंगचा जाहीर सत्कार झाला. साहेबांनी स्वतः त्याच्या अंगावर शाल घातली. शाल हत्तीच्या मापाची होती. इंदू अजून तिच्याखाली त्याला शोधते आहे.

तात्पर्य : बाळांनो, आपल्या कामावर मनापासून प्रेम करा. नाहीतर यंत्राने ते शिकायचं कुणाकडून?