मढवलेली बटणं

सकाळपासून सुनेचं डोकं ठणकत होतं आणि सासऱ्यांच्या खिशात गोळ्या खुळखुळत होत्या. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

"घे गं पोरी. पाण्यात टाकली की फसफसते, प्यायली की डोकं कापसासारखं हलकं!" शिवणयंत्र थांबवून सासरे म्हणाले. अख्ख्या गल्लीचे ते टेलरमास्तर. घरात त्यांचा शब्द म्हणजे कात्रीचा काप, एकदा पडला की पडला.

सुनेला सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "चिठ्ठीशिवाय मिळणारी साधी गोळीसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायची नाही." तिनं दवाखान्यात फोनही केला होता, बाई दुपारी येणार होत्या. पण मास्तरांना नाही कोण म्हणणार? मागे जावई नुसतं 'कॉलर जरा घट्ट वाटते' म्हणाला, तर मास्तर आठवडाभर त्याच्याशी खुणांनी बोलत होते.

"घेते हं, मामंजी," म्हणत तिनं गोळी मुठीत घेतली आणि त्यांची पाठ वळताच बटणांच्या डब्यात सोडली.

थोड्या वेळानं मास्तरांनी विचारलं, "उतरलं का?"

पोरीला खोटं बोलता येईना. "नाही."

झालं! आणखी एक गोळी. मग आणखी एक. ऊन वर येईपर्यंत डब्यात चांगला साठा झाला.

कोपऱ्यात सासूबाई जाड चष्मा लावून कोटाची बटणं मढवत होत्या. चकती घ्यायची, वर कापड ओढायचं, मागून टाके घालायचे. त्यांचा हात डब्यात गेला, थबकला, पुन्हा चालू लागला. सुनेनं ते पाहिलं. पण यांना कुठं दिसतंय, असं मनाशी म्हणून ती कामाला लागली. मास्तरांनी तयार बटणं उचलली आणि कोटाला लावूनही टाकली.

दुपारी कोपऱ्यावरचा औषधवाला कोट घ्यायला आला. संध्याकाळी त्याचा सत्कार होता. आरशासमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, पोटाशी जरा चुणी दिसते."

"चुणी? माझ्या कोटाला?" मास्तरांनी तोंडात पाणी भरलं आणि जुन्या सवयीनं फुर्रकन फवारा मारला. इस्त्री उचलतात, तोच—

फस्स्स!

वरचं बटण फसफसलं, मग मधलं, मग खालचं. औषधवाला दुधासारखा उतू चालला. फेस उंबऱ्याबाहेर गेला आणि त्यात मांजर घसरलं, असं गल्लीत अजून सांगतात. मांजरही नाही म्हणत नाही.

औषधवाल्यानं फेसाचा वास घेतला. "अहो, ही तर तुमच्या गुडघ्यांसाठी मी दिलेली गोळी! बटणात कशी आली?"

सुनेनं रडत रडत सगळं सांगितलं. औषधवाल्याचं तोंड पांढरं पडलं.

"मास्तर, सातव्या महिन्यात ही गोळी? बाळाला बाधली असती! आणि अशा दिवसांत डोकं एवढं दुखतंय, तर रक्तदाब बघायला नको? चला आधी दवाखान्यात!" तसाच फेसाळलेल्या कोटात त्यानं सुनेला आणि सासूबाईंना गाडीत बसवलं.

देवाची कृपा, रक्तदाब ठीक निघाला. बाळ मजेत लाथा झाडत होतं. बाईंनी सुनेला चालेल अशी गोळी दिली, किती आणि कधी घ्यायची तेही सांगितलं.

परत आले तर मास्तर दारातच उभे. सुनेनं खाली मान घातली. आता फुटतोय बॉम्ब!

मास्तरांनी हात जोडले. "पोरी, माझं ऐकलं नाहीस, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"माझे कसले, मामंजी! आईंचे डोळे अधू म्हणून निभावलं. नाहीतर त्यांनी गोळ्या ओळखल्याच असत्या."

"डोळ्यांना काय धाड भरलीय?" सासूबाई फणकारल्या. "उभा जन्म बटणं मढवतेय. गोळी कुठली नि बटण कुठलं, माझ्या बोटांना कळत नाही होय? यांच्या नजरेस पडल्या असत्या, तर समोर बसवून पाजल्या असत्या तुला. म्हणून घातली त्यांना कापडं! नेमकी तीच उचलून कोटाला लावतील, हे मला काय ठाऊक?"

सुनेनं सासूबाईंच्या मांडीवर डोकं ठेवलं. डोकं अजून थोडं ठणकत होतं, पण आता त्याची फिकीर कोणाला?

मास्तर औषधवाल्याचा कोट उतरवून घेऊन त्याला नवी बटणं लावायला बसले. लावण्याआधी प्रत्येक बटण पेल्यातल्या पाण्यात बुडवून, कान लावून ऐकत होते.