पुजलेली चिप

देवघरासमोरच्या पाटावर दोन विळे, कोयता, पहार, मिक्सरचं भांडं आणि अनिलरावांच्या मोटरसायकलची किल्ली मांडली होती. त्यांच्या मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, तेजश्रीची चिप होती. तिच्या भोकांवर हळद-कुंकवाची बोटं उमटली होती. तेजश्रीच्या मस्तकात तिडीक गेली.

“आई, हे कोणी केलं?”

“मी. आज खंडेनवमी हाय गो,” तुळसाबाई म्हणाल्या. “सगळ्यांची हत्यारं पुजली. तुझंच तेवढं कशाला ठेवायचं?”

चिप म्हणजे काडेपेटीएवढी पारदर्शक, रबरी वडी. तिच्या पोटात केसापेक्षा बारीक नळ्या. जिवंत पेशी त्यांतून दाबून सोडल्या की चिंचोळ्या जागी त्यांचं आवरण क्षणभर उसवतं आणि बाहेरचं औषध आत शिरतं. निदान शिरायला हवं. सात महिने एकाही पेशीने औषधाच्या जागी घातलेला तेजश्रीचा चमकणारा रंग आत घेतला नव्हता. बुधवारी मुंबईला तिच्या मार्गदर्शक प्रियदर्शिनी मॅडमना चमकणाऱ्या पेशी दाखवायच्या होत्या, नाहीतर शिष्यवृत्ती बंद. पुण्यातल्या प्रयोगशाळेत तीन दिवस-रात्र खपून ही एकच चिप धड उतरली होती. ती घेऊन वरंध घाटातून पोलादपूरला सणापुरतं उतरावं, ही दुर्बुद्धी तिचीच.

“हिला धुळीचा कण चालत नाही. मी हातमोजे घालून धरते. आणि तू हळद लावलीस?”

“हळदीनं कुणाचं वाईट झालंय?”

तेजश्रीने हात पुढे केला, तो तुळसाबाईंनी वरच्यावर धरला. “पुजलेलं हत्यार दसऱ्यापत्तुर हलवायचं नाय.”

“ते हत्यार नाहीये, आई.”

“मग काय हाय? त्यानंच काम करतेस ना?”

तेजश्री आणखी चिडली आणि ओटीवर वडलांकडे दाद मागायला गेली.

“माझं भात पिकून आडवं पडायला लागलंय,” अनिलराव म्हणाले. “मी विळा उचलला काय? एक दिस कळ काढ.”

त्या एका दिवसात नारळ फुटला, त्याचं पाणी सगळ्या हत्यारांवर शिंपडलं गेलं आणि हळद भिजून आरामात नळ्यांत उतरली. दसऱ्याला वर आपट्याचं पानही आलं. एवढ्या शिकलेल्या मुलीला आपल्या घरात कोयत्याइतकीच किंमत, असं धुमसत तेजश्रीने मुंबईची गाडी धरली.

मुंबईच्या प्रयोगशाळेत चिप सात वेळा धुतली. कुंकू गेलं, हळदीचा पिवळेपणा काही जाईना. दुसरी चिप नव्हती. जळो ते, म्हणत तिने बुधवारी तिच्यातूनच पेशी सोडल्या.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत. निळ्या प्रकाशात एकूण एक पेशी हिरवी चमकत होती. मग त्यांनी चिपमधून निघालेल्या पिवळ्या पाण्यात दुसऱ्या पेशी नुसत्याच ठेवून पाहिल्या. त्या फिक्याच राहिल्या; म्हणजे रंग आत नेला तो चिपनेच.

“रंग कोणता वापरलास?”

“घरची हळद.”

“प्रमाण?”

“आईचं बोट,” तेजश्री खालमानेने म्हणाली.

मॅडमनी हे शांतपणे वहीत लिहून घेतलं. “शिष्यवृत्ती दिवाळीपर्यंत चालू ठेवते. तोवर हेच तीनदा करून दाखव. पद्धतीत काडीचाही बदल नको.”

तेजश्रीने हळद तोलून घातली, नळ्या तुंबल्या. कमी घातली, काहीच चमकलं नाही. नारळपाणी मोजून ओतलं, तरी तेच. आईचं बोट कुठल्याच तराजूत बसेना. शेवटी तीन नव्या चिपा घेऊन ती पोलादपूरला आली आणि स्वतःच्या हाताने पाट मांडला.

“आई, यांना जरा हळद-कुंकू लाव. नारळही आणलाय.”

तुळसाबाईंनी आधी पाटाकडे आणि मग लेकीकडे पाहिलं. “आज? आज काय हाय?”

“काही नाही. माझं काम अडलंय.”

“तवा हळद लावली तर घर डोक्यावर घेतलंस. आता काम अडलं म्हणून देव आठवला? खंडेनवमी वर्सातनं एकदाच येते. पुढल्या वर्सी आण, पुजीन.”

“बाबा, तुम्ही तरी सांगा.”

अनिलराव विळ्याला धार लावत होते. “एक वरीस कळ काढ,” ते म्हणाले आणि शेतावर गेले.

तेजश्रीने लॅपटॉप उघडून मुदतवाढीचा अर्ज भरायला घेतला. कारणाच्या रकान्यात दात-ओठ खात तिने लिहिलं: पुढील प्रयोग आश्विन शुद्ध नवमीला.