कोहोळच्या दहा दिवसांच्या दिव्याची हकीकत

श्रीसूर्यनारायण साक्ष. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, श्रावणमासी कोहोळ या डोंगरगावाहून दरबारी एक पत्र आले आणि त्याचे उत्तर या लेखकाने दिले नाही. पुढे जे घडले ते त्यापायी घडले, ऐसे मनात वागते; सबब जैसे स्मरते तैसे लिहितो.

त्याआधी दोन वर्षे राज्यात फर्मान निघाले होते की, जेथे विजेची तार चढत नाही तेथे ऊन साठवावे. मग कोहोळास शाळेच्या छपरावर सौर पाट्या बसल्या आणि शेजारच्या खोलीत बॅटऱ्यांची रांग लागली आणि दिवाणसाहेब स्वतः जाऊन कळ दाबून आले आणि लोकांस म्हणाले, "आता तेल जाळू नका, ऊन जाळा." बॅटऱ्या किती लागतील हे ठरविणे या लेखकाकडे होते. लेखकाचा जन्म पुस्तकांत गेला, गावे फारशी पाहिली नाहीत. बेचाळीस घरे, घरटी दोन दिवे, सांजेपासून चार तास, आणि दवाखान्यातील लसीची शीतपेटी अष्टौप्रहर, ऐसे मांडले आणि वर दोन ढगाळ दिवसांची शिल्लक धरली. दरबारी वाहवा झाली.

पत्र दवाखान्याच्या परिचारिका सगुणाबाई खुताडे यांचे, मांडणी करणारा म्हणून या लेखकाच्याच नावे होते. त्यांनी लिहिले की, या महिन्यात गावात तीन मयते झाली. जेथे माणूस गेले तेथे दहा दिवस दिवा विझू न देणे ही रीत. पूर्वी तो तेलाचा असे, आता विजेचा. आणि भावकी बसायला येते म्हणून घरभर व अंगणातही दिवे जळतात. त्यात आठ दिवस ऊन नाही. मग बॅटऱ्या तळाला गेल्या आणि शीतपेटी उबली आणि बावीस लेकरांची लस फेकावी लागली. "दिवा मालवा, हे दुखवट्याच्या घरात कोणत्या तोंडाने सांगू? पहिला हक्क मयताच्या दिव्याचा की पेटीचा, एवढे दरबाराने लिहून कळवावे."

वाचताच लेखकास कळले की, मांडणीत जिवंत माणसे धरली आणि मेलेली राहिली. मग उत्तराचे मसुदे केले. पहिला फार विद्वत्तेचा झाला, दुसऱ्यात सारा दोष ढगांवर गेला, तिसऱ्यात खरे लिहिले आणि वाचून तो फाडिला. आपल्यासारख्याने हक्क ठरवावा काय, ऐसे म्हणून पत्र एका ग्रंथात ठेविले.

मग कार्तिकात दरबारी खबर आली की, कोहोळचे लोक बेहिशेबी दिवे जाळून बॅटऱ्या खराब करितात. हुकूम झाला की, बॅटऱ्या उचलून शहाण्या गावास द्याव्या. दरबारचे कारभारी निघाले आणि बॅटऱ्यांची यादी करावयास लेखकास बरोबर घेतले.

सकाळी शाळेपुढे माणसे जमली. कारभारी म्हणाले, "दिवसाढवळ्या दिवे जाळता आणि वर दाद मागता?"

श्रावणात जिचा नवरा गेला ती पारूबाई पुढे होऊन म्हणाली, "साहेब, गेलेल्याला दिवस न् रात कळती व्हय? तुमचं दिवाणच सांगून गेलं, तेल नको, ऊन जाळा. आमी जाळलं."

माणसे हसली. कारभारी हसले नाहीत.

सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "ते श्रावणातलं झालं. गणपतीपासून गावानं ठरवलंय. दहा दिवसांचा दिवा तेलाचा. घरटी एक वाटी तेल मयताच्या घरी जातं. ऊन आधी पेटीला, मग घरांना. त्यानंतर एक बाटली उबली नाही. बॅटऱ्या नेल्यात तर लसीसाठी पोरांना दोन डोंगर उतरावं लागेल."

"आमच्या म्हाताऱ्यानं जन्मात बल्ब बघितला तो शेवटची दोन वर्सं," पारूबाई म्हणाली. "त्याला तेलाच्या दिव्यातच वाट वळखीची."

कारभारी म्हणाले, "हे लेखी आहे? दरबारची मंजुरी?"

मग सगुणाबाई लेखकाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "बाबा, माझं पत्र पोचलं होतं का?"

लेखक म्हणाला, "पोचले."

"मग?"

लेखकाने हातातल्या यादीकडे पाहिले. कारभाऱ्यांनी पौर्णिमेपर्यंत मुदत दिली की, तोवर दरबारचा कागद आला तर ठीक, नाहीतर गाडी येईल.

घरी येऊन लेखकाने ग्रंथातून पत्र काढिले आणि चौथा मसुदा केला आणि तो फिरून वाचला नाही. त्यात लिहिले की, पहिला हक्क शीतपेटीचा, मयताचा दिवा तेलाचा, गावाने ठरविले तेच दरबारचे समजावे. बॅटऱ्या लोकांनी खराब केल्या नाहीत, मूळ मांडणीच कमी होती आणि ती या सही करणाराची होती. सबब बॅटऱ्या उचलू नयेत, चार अधिक द्याव्या. आणि उत्तरास तीन महिने लागले याची क्षमा असावी. एक प्रत सगुणाबाईंस आणि एक दिवाणसाहेबांस.

मग दोन्ही पाकिटे घेऊन टपालात गेला. पौर्णिमेस सहा दिवस होते. खिडकीतील बाईंनी विचारले, "साधं पाठवायचं की रजिस्टर, आजोबा?"

लेखक म्हणाला, "रजिस्टर करा. आणि पोच यायला हवी."

येणेप्रमाणे कोहोळची हकीकत. दिवाणसाहेब काय करितील ते हे लिहिते समयी ठाऊक नाही. पत्रे गेली, इतके खरे.