मेश्राम सर दिसले

आमच्या प्रताप नगरात दिवेलागणीला मेश्राम सर घरी येतात, तेव्हा आधी त्यांचे दिवे येतात. मग सायकल दिसते, आणि सर सगळ्यात शेवटी. पुढे पांढरा दिवा, मागे लुकलुकणारा लाल, हँडलला गुंडाळलेली दिवाळीची माळ, अंगात रस्त्याचं काम करणारे घालतात तसलं पोपटी जाकीट आणि हेल्मेटपासून चपलेच्या टाचेपर्यंत रेडियमच्या पट्ट्या. फाटकाशी आले की एक पाय जमिनीला टेकवतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, “दिसलो काय?”

न दिसायला काय झालं बाप्पा! लग्नसराईत तर त्यांच्यामागे गाड्या हळू होतात, पुढे वरात चालली आहे असं समजून. एकदा एका घोडेवाल्याने त्यांना थांबवून नवरदेव मागे राहिला का, म्हणून विचारलं होतं. सरांनी त्याला नवरदेवाचा पत्ता सांगितला नाही, पण तुझा घोडा काळा आहे, संध्याकाळी कोणाला दिसत नाही, असं समजावून घोड्याच्या खोगिराला मागून एक पट्टी चिकटवून दिली. घोडेवाला बिचारा आभार मानून गेला म्हणतात.

सर म्हणजे रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. आता रामदासपेठेत मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी शिकवतात. दुपार कलली की जातात, अंधार पडता पडता परततात. थंडीत रस्त्यावर धुरकं बसलेलं असो की पावसाने समोरचं दिसेनासं झालेलं असो, सायकलच. ऑटोचं नाव काढलं की तोंड फिरवतात. पुण्याची मुलगी फोनवर रागावते, बाबा या वयात सायकल सोडा म्हणते. सर तिला कोणत्या रंगाचा स्वेटर घातला आहे ते विचारतात.

रंगाचं त्यांना फार. संध्याकाळी सगळ्यात आधी कोणता रंग मरतो, कोणता शेवटपर्यंत टिकतो, हे ते भाजीवाल्यालाही सांगतात. डॉक्टरने मला साखर वाढली म्हणून सायकल चालवायला लावली, तेव्हा हे सगळं माझ्या वाट्याला आलं. जुलैची संध्याकाळ, झिमझिम चालू, मी काळा रेनकोट घालून ऐटीत निघाले होते. सर आडवेच आले.

“काहून वं ज्योती, तू दिसून राहिली काय कोणाले?”

मला सगळं दिसतंय, मी म्हटलं. बोलण्यात तिखट होतेच, लपवत नाही.

“तुले दिसते, थे मले माहीत आहे. तू दिसतं काय, थे विचारून राहिलो मी.”

मी पेडल मारून निघून गेले. बाजारात भाजी घेऊन सायकलीपाशी परत येते तर तिच्या मडगार्डवर, पेडलवर, कॅरिअरवर पट्ट्या. न विचारता! दुसऱ्या दिवशी एक दिवाही आणून दिला, हँडलवरून काढून टॉर्चसारखा हातात धरता येणारा. तो फुकटचा दिवा घेताना मला एक धडाही घ्यावा लागला. पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. समोरच्याने उजेड टाकला तरच ती पेटते, आणि ज्याच्या डोळ्याजवळ दिवा असेल त्याला सगळ्यात जास्त दिसते. कमरेजवळ धरला तर निम्मी मजा गेली. हे त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं, दिवा गालाला लावून. शेजारणी गॅलरीतून बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि हे प्रकरण वाढतच होतं, कमी व्हायचं नाव नाही. आधी नुसतं जाकीट होतं. मग लाल दिवा आला. मग पट्ट्या. मग माळ. दर काही महिन्यांनी काहीतरी नवीन लटकायचं आणि कॉलनी म्हणायची, गेली केस सरांची. कट्ट्यावरचा एकजण म्हणाला, सर, आता तर आंधळ्यालाही दिसाल. सगळे हसले. सर हसले नाहीत. सायकल हातात धरून तसेच पुढे गेले.

मी एकदा सरळच विचारलं, कधी अपघात झाला होता का तुमचा? कोणी उडवलं होतं का? माणूस इतका हात धुऊन एका गोष्टीच्या मागे लागतो तेव्हा काहीतरी घडलेलं असतं, असा माझा अंदाज. सर म्हणाले, “माह्या काहून होईन? मी दिसतो नं.” झालं. संपला विषय.

मागच्या पावसाळ्यात एक संध्याकाळ अशी आली की दुपारपासून धो धो. लाइन गेली. सगळी गल्ली काळीकुट्ट. मी वांग्याची भाजी केली होती, म्हटलं मालतीकाकूंना वाटीभर देऊन यावी. मालतीकाकू म्हणजे सरांच्या मिसेस. फार बाहेर न पडणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. सायकलीचा दिवा काढून हातात घेतला आणि फाटक ढकलून आत गेले.

काकू व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत. मी वाटी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला तो वाटीच्या बाजूने हवेत गेला. मग चाचपडत माझ्या मनगटावर आला.

“ज्योती होय काय वं? बाजूले हो जराशी. कोपरा अडला.”

मी बाजूला झाले. त्या गल्लीच्या कोपऱ्याकडे तोंड करून बसून राहिल्या. काकू, तुम्हाला दिसत नाही का, एवढंच कसंबसं विचारलं.

त्यांनी अगदी सहज सांगितलं, भाजीला मीठ कमी आहे असं सांगावं तसं. डोळ्याची नस सुकत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. आधी लोकांचे चेहरे गेले. एका संध्याकाळी फाटकात कोणी उभं राहिलं आणि त्यांनी विचारलं, कोण पाहिजे तुम्हाला? ते सर होते.

“काही बोलले नाही,” काकू म्हणाल्या. “हसले. जेवले. दुसऱ्या दिवशी थे हिरवं जाकीट घालून आले, अन् फाटकातून विचारलं, दिसलो काय? दिसले. मग थे बी दिसेनासं झालं, तर लाल दिवा लावला.”

म्हणजे काकूंची नजर एक पायरी खाली उतरली की सरांच्या सायकलीवर एक दिवा चढत होता. आम्ही मात्र सगळे दिवे पाहिले, ते कोणासाठी आहेत ते पाहिलं नाही. मला भडभडून आलं. अंधार होता म्हणून बरं.

“आज उशीर झाला,” काकू म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. “अजून काहीच दिसून नाही राहिलं.”

तेवढ्यात वीज चमकली आणि मला सर दिसले. कोपऱ्यावरच उभे होते. सायकलीवरचा एकही दिवा लागलेला नव्हता. पाणी गेलं असणार बॅटरीत. खाली वाकून ते डबी ठोकत होते, झटकत होते, पुन्हा ठोकत होते. घर चार पावलांवर, अंगावर पाऊस कोसळतोय, आणि म्हातारा माणूस घरी येत नव्हता. का येत नव्हता ते मला आता कळत होतं. अंधारातून तसेच फाटकात आले असते, तर काकूंनी पुन्हा विचारलं असतं, कोण पाहिजे?

मला हाक मारता आली असती. सर आले काकू, असं सांगताही आलं असतं. पण त्या माझ्या डोळ्यांनी पाहायला बसल्या नव्हत्या. माझ्या हातात दिवा होता. मी काकूंच्या खुर्चीशेजारी गुडघे टेकले, दिवा त्यांच्या गालाला लावला आणि कोपऱ्याकडे वळवला.

सर पेटले. हेल्मेट, खांदे, छाती, कोपर, गुडघे, टाचा, जिथे जिथे पट्टी होती तिथे तिथे पांढरा लख्ख उजेड. नुसता उजेडाचा माणूस पावसात उभा. त्यांनी दचकून डोळ्यावर हात धरला, तर मनगटावरची पट्टीही चमकली.

काकूंनी माझा हात घट्ट धरला. “आले,” म्हणाल्या.

सर सायकल ढकलत फाटकाशी आले. मी दिवा हलू दिला नाही. पाय टेकवायला सायकलीवर नव्हते, तरी नेहमीच्या जागी थांबले. त्या दिवशी आवाज गल्लीला ऐकू जाईल असा नव्हता.

“दिसलो काय?”

“दिसले जी. पूर्ण दिसले.”

सरांनी हेल्मेट काढलं, तोंडावरून हात फिरवला. तोंडावर पाणी पावसाचंच होतं असं मी धरून चालते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “दिवा बरोबर धरला तुनं. डोळ्याजवळ.” एवढं बोलून मास्तर आत गेले. त्यानंतर बरेच दिवस दिवेलागणीला मी माझा दिवा घेऊन काकूंकडे जायची. भाजीचं निमित्त लागत नव्हतं.

दिवाळीनंतर सरांच्या सायकलीवर पुन्हा एक नवीन वस्तू आली. पितळेची मोठी घंटा, शाळेत तास संपल्यावर वाजवतात तसली, हँडलला तारेने बांधलेली. कोपरा वळले की ठण्‌ ठण्‌ वाजवत येतात. कॉलनी वैतागली. आता मात्र कहर झाला, इतके दिवे कमी पडले का म्हणे. कट्ट्यावरच्याने मला पाहून डोळा मारला.

मी त्याला म्हटलं, दिवे कमी पडलेत. आता काकूंना काहीच दिसत नाही.

दिवे सरांनी काढलेले नाहीत. सगळे लावूनच येतात, अजूनही. घंटा वाजवत फाटकाशी येतात, पाय टेकवतात आणि विचारतात, “दिसलो काय?”

व्हरांड्यातून काकू म्हणतात, “दिसले जी.”