किसनोजीअण्णांचे पाहुणे

किसनोजीअण्णा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यापूर्वी चप्पल काढत असत.

बंगळूरच्या एका इस्पितळात, गाठी तपासण्याच्या प्रयोगशाळेत ते मुख्य तंत्रज्ञ होते. कापून काढलेल्या गाठीची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ चकती करायची, ती काचेवर चढवून रंगवायची आणि डॉक्टरांपुढे ठेवायची, हे आमचं काम. त्यात चप्पल कुठे आडवी येते ते मला कळेना. पहिल्याच दिवशी मी विचारलं.

"आत पाहुणे बसलेत," अण्णा म्हणाले. "चार पाहुण्यांत पायताणानं जातोस काय तू?"

मी चप्पल काढली. निपाणी नुकतीच म्हैसूर राज्यात गेली होती आणि तिच्यामागोमाग मीही गेलो होतो. आमच्या घराण्यातला मी पहिला बी.एस्सी. ज्यांनी नोकरी दिली त्यांनी उलटं उभं राहून काम करायला सांगितलं असतं, तरी मी फक्त वेळ विचारली असती.

पाहुणे म्हणजे पांढऱ्या पेशी. शरीरात कुठे बिघाड झाला की त्या रक्तातून तिकडे धावतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. अण्णांनी ते पुस्तक वाचलं नव्हतं; ते वीस वर्षं काचा बघत होते. फुप्फुसातल्या गाठींकडे त्यांचं विशेष लक्ष. तिथे, त्यांच्या मते, दोन तऱ्हेचे पाहुणे येत. एक लहान, गोल, गडद निळे. ते गाठीच्या कडेला दाटी करून तिला जाब विचारत. दुसरे मोठे, ऐसपैस, पोटात काजळी भरलेले.

"हे मूळचे झाडूवाले," अण्णा सांगत. "फुप्फुसातली धूळ खायची, एवढंच यांचं काम. पण गाठीनं एकदा जेवायला घातलं की तिथंच मुक्काम. नुसता मुक्काम नाही, वर तिला माडी बांधून देतात."

डॉक्टरांना हे मान्य नव्हतं. "किसनोजी, गाठीजवळ पांढऱ्या पेशी असायच्याच. भिंतीवर पाली असतात तशा."

"पाल निदान किडा तरी खाते, डॉक्टर," अण्णा म्हणत आणि पुढची काच घेत.

त्यांच्याकडे आधार एकच होता. ज्यांच्या काचेवर लहान पाहुणे दाटीनं होते, ते वर्षभरानं बहुधा स्वतः चालत तपासणीला येत. जिथे मोठ्यांचीच गर्दी होती, तिथे नातेवाईक येत, कागद न्यायला.

हीच वर्गवारी ते माणसांनाही लावत. दसऱ्याला येऊन संक्रांतीपर्यंत राहिलेला त्यांचा मेहुणा 'मोठा पाहुणा' होता. मलाही त्यांनी विचारलं, "तू कसला? जाब विचारणारा की माडी बांधणारा?"

"मी निपाणीचा," मी म्हणालो.

"स्वल्प वेळ लागेल तुला," अण्णा म्हणाले. थोडा वेळ म्हणायचं असलं की ते स्वल्पच म्हणत. घराणं बंगळूरच्या चिकपेटेत चार पिढ्यांचं, त्यामुळे मराठीत कन्नड कुठे सुरू होतं हे त्यांना कळत नसे.

त्यांचा दुसरा नियम 'बाय-टू'. एक कॉफी मागवायची आणि दोघांनी निम्मी निम्मी घ्यायची, या बंगळुरी पद्धतीचं हे नाव. अण्णा मोजणीही बाय-टू करत. काचेवरची दहा ठिकाणं ठरलेली. तिथले लहान पाहुणे आधी एकानं मोजायचे, मग दुसऱ्यानं, एकमेकांना न सांगता. आकडे जुळले तर कॉफी. नाही जुळले तर पुन्हा चप्पल काढायची. डॉक्टरांचा आकडासुद्धा त्यांनी कधी तसाच घेतला नाही.

एक काच मात्र त्यांच्या खणात रुमालात गुंडाळलेली असे. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता लाल ठिपका. नवा माणूस आला की ती त्याला मोजायला देत. माझ्याआधीच्या चौघांचा आकडा चाळिसाच्या आसपास आला होता आणि अण्णांना एकही पसंत नव्हता. "घाई केली असणार," ते म्हणत.

मी ती परीक्षा समजलो. परीक्षेत विचारलं त्याहून जास्त लिहायची मला शाळेपासूनची सवय. कुणी सुटायला नको म्हणून मी लहान मोजले आणि मोठेही मोजले.

"किती?"

"एकशे बारा."

अण्णांनी चष्मा काढला. "परत सांग."

"एकशे बारा, अण्णा."

आता ते चप्पल काढतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी काच रुमालात गुंडाळली. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक, आणि कॉफी मागवली. त्या दिवशी प्रथमच दोन पूर्ण कॉफ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी माझी चूक माझ्या लक्षात आली. चार दिवस मला अन्न गोड लागेना. रविवारी अण्णांनी घरी जेवायला बोलावलं होतं. तिथेच सांगून टाकायचं ठरवून मी हेब्बाळच्या बसमध्ये बसलो.

तळ्याजवळच्या अण्णांच्या लहानशा घराच्या ओसरीवर एक वाळलेले गृहस्थ शाल पांघरून बसले होते. बोलण्यापूर्वी ते बराच वेळ खोकले.

"एनप्पा, काय रे, तूच तो एकशे बारावाला?"

ते अण्णांचे थोरले भाऊ. दादा. चिकपेटेत शिलाईचं दुकान चालवून त्यांनी अण्णांना वाढवलं होतं. "आकडे मीच शिकवले ह्याला, बटणांवर," ते म्हणाले. "गेल्या वर्षी डॉक्टरांनी ह्या बाजूचं निम्मं फुप्फुस काढलं. बाय-टू. आणि हा येऊन सांगतो, पाहुणे चाळीस. माझ्याकडे चाळीस? अरे, लग्नात माझ्या चारशे पान उठलं होतं! मी म्हटलं, पोरं घाई करतात, नीट मोजणारा बघ. मिळालास बघ तू. एकशे बाराच ना?"

स्वयंपाकघराच्या दारात अण्णा होळिगेचं, म्हणजे पुरणपोळ्यांचं, ताट घेऊन उभे होते. ते माझ्याकडे बघत होते, आणि ताट कलतं झालं होतं.

"होय," मी म्हणालो. "एकशे बारा."

दादांनी त्या दिवशी दोन होळिगे खाल्ल्या. एरवी अर्धीसुद्धा जात नाही, असं अण्णांच्या वहिनी म्हणाल्या.

बसपर्यंत अण्णा सोडायला आले.

"अण्णा, चूक झाली. मी मोठेही मोजले."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू बोललास तेव्हापासून. ती काच मी रोज मोजतो. लहान अडतीस आहेत."

"मग आपलं बाय-टू?"

"केलं की," अण्णा तळ्याकडे बघत म्हणाले. "तुझा आकडा दादाला. माझा मला."

सोमवारी त्यांनी रुमाल उघडून तीच काच माझ्यापुढे ठेवली. "स्वल्प बघ. दादा विचारत होता." रंगवलेल्या काचेवरचे पाहुणे वाढत नाहीत, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी चप्पल काढली. दहाही ठिकाणं पाहिली, फक्त लहान मोजले. अडतीस.

"किती?"

"एकशे चौदा," मी म्हणालो.

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"दोन वाढले," शेवटी म्हणाले, आणि कॉफी मागवली. बाय-टू.