समुद्राकडचा हात

लेउताने वल्ह्याने मासिनाचा हात मोडला. चर्चच्या अंगणात, रविवारी, भजनं म्हणणाऱ्या सगळ्यांच्या देखत. खालच्या कोर्टाने त्याला दोन वर्षं ठोकली, त्याने अपील केलं. सुटला तर पुन्हा तिच्याच कुंपणापलीकडे राहायला येणार, म्हणून मासिना बोटीने राजधानीला, आपियाला गेली आणि वरच्या कोर्टात पहिल्या बाकावर बसली.

अंगणात भजनाला असलेल्या तालितामावशीची साक्ष होती: वल्हं समुद्राकडच्या हातावर बसलं. आता आमच्या सवाई बेटावर डावं-उजवं म्हणतं कोण? जेवतानासुद्धा आम्ही 'ते डोंगराकडचं मीठ सरकव' असंच म्हणतो. पण डॉक्टरच्या दाखल्यात लिहिलेलं, डावा हात.

झालं. तिन्ही न्यायमूर्तींनी चष्मे पुसले. मावशीला खास बोलावणं गेलं.

"समुद्राकडचा म्हणजे डावा का?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"तोंड कुठं आहे त्यावर, बाबा. तुझं तरी रोज एकीकडे असतं का?"

"तिचं कुठं होतं?"

"आधी चर्चकडं. मग गरकन फिरली. वल्हं येताना बघून तू उभा राहशील का?"

साहेबांनी नोंद केली: फिरल्यामुळे समुद्राकडचा हात बदलला. दुसरे म्हणाले, मग साक्षीत एक हात, दाखल्यात दुसरा. तिसरे म्हणाले, म्हणजे जो मारला तो मोडला नाही आणि जो मोडला तो कुणी मारला नाही.

मासिना उठली. वाकडा हात वर केला. "साहेब, हा बघा की. अजून नारळ खवता येत नाही."

"खाली बसा, बाई. हात हा पुरावा नाही. हाताचा दाखला हा पुरावा."

शेवटी कोर्ट जागेच्या पाहणीला गावात आलं. मासिनाला अंगणात उभं करून अकरा वेळा फिरवलं. नेमकी ओहोटी होती. निकालात आलं: 'पाहणीच्या वेळी समुद्र घटनास्थळी गैरहजर आढळला. सबब संशयाचा फायदा आरोपीस.'

लेउता आला परत. रोज संध्याकाळी कुंपणापाशी वल्हं तासत बसतो आणि गोड आवाजात विचारतो, "काय गं मासिना, आज कुठं तोंड करून बसलीस?"

गावातले येतात, नीरफणस भाजून आणतात, शेजारी टेकतात. तेही हळूच विचारतात, "पण खरं सांग, तुझं तोंड नेमकं होतं कुठं?"

तुमच्याही ओठांवर तेच आहे, दिसतंय मला. दुखतं का, एवढं विचारायचं तेवढं राहिलंय.