कय्युमभाईची शिडी

कुरडयांच्या चिकाचं दुसरं पातेलं घेऊन सुग्रीव शिडीच्या मधोमध पोचला आणि शिडी मोडली. आधी पातेलं पडलं, मग सुग्रीव पडला, आणि उरलेला चीक सावकाश त्याच्या डोक्यावर उतरला. गच्चीवर त्याची बायको वनमाला जुन्या साडीवर कुरडया घालत बसली होती. तिने कठड्यावरून डोकावून पाहिलं.

"चीक सांडला का?"

"मी पडलो हाय!"

"ते दिसतंय. चीक सांडला का म्हणते मी."

घराला जिना नव्हता. तो बांधायचा बेत दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी राहायचा. सुग्रीव माजलगावजवळच्या एका साखर कारखान्यात हंगामी कामाला होता. गाळप बंद झालं की दिवाळीपर्यंत तो घरीच असायचा आणि वनमाला सांगेल ती कामं बिघडवून ठेवायचा. आता मे महिन्याचं ऊन गच्चीवर आग ओतत होतं, आणि वनमाला एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती.

"शेजाऱ्याला हाक मारू का?" सुग्रीवने विचारलं.

"खबरदार! साऱ्या गल्लीला तमाशा दाखवता का माझा? कय्युमभाईची शिडी आणा गुपचूप."

कय्युम पेंटर कोपऱ्यावर राहायचा. दुकानांच्या पाट्या आणि घरांच्या भिंती रंगवायचं त्याचं काम. सुग्रीव आणि तो शाळेपासूनचे दोस्त. पण तो दिवस शुक्रवारचा होता. कय्युम नमाजला गेला होता आणि त्याच्या अंगणाच्या फाटकाला कुलूप होतं. शिडी मात्र आत भिंतीला टेकून उभी होती. सुग्रीवने चिकाने बरबटलेलं तोंड गमछ्यात गुंडाळलं, फाटकावर चढला, शिडी बाहेर ओढली आणि घरी पळाला. वनमाला खाली उतरली. तळपायाला फोड आले होते, त्यामुळे ती नवऱ्याला जे काही बोलली ते बसूनच बोलली.

आधी कय्युमला सांगून यावं, मग शिडी न्यावी, अशा विचाराने सुग्रीव रिकाम्या हाताने कोपऱ्यावर गेला. चहाच्या टपरीवर गर्दी जमली होती आणि मधोमध कय्युम ओरडत होता.

"भरदिवसा! अल्लाच्या घरी गेलतो मी, आन् इकडं कोण्या हरामखोरानं शिडी पळवली! माझ्या पोटावर पाय दिला!" तेवढ्यात त्याला सुग्रीव दिसला. "ये बे सुग्रीव. तूच सांग, असल्या मानसाचं काय करावं?"

सगळी टपरी सुग्रीवकडे पाहू लागली. 'मीच नेली' हे दोन शब्द त्याच्या ओठापर्यंत आले होते. पण 'हरामखोर' ऐकल्यावर ते तिथेच अडखळले.

"हात तोडले पायजेत," सुग्रीव म्हणाला.

"बघा! याला म्हणत्यात दोस्त!" कय्युमने त्याला मिठी मारली.

"पोलिसात दे. सोडू नको त्याला," सुग्रीव आणखी म्हणाला. एका शिडीसाठी पोलीस जागचे हलणार नाहीत, याची त्याला खात्री होती. रात्रीतून शिडी हळूच परत ठेवून द्यावी, म्हणजे झालं.

पण कय्युमने त्याचा हात धरून त्याला तसंच ठाण्यात नेलं. तिथे नवे साहेब आले होते आणि त्यांना एखादा गुन्हा उघडकीस आणायची घाई झाली होती. त्यांनी लगोलग गुन्हा नोंदवला, हवालदाराला जागेवर पाठवलं, आणि पंच म्हणून सही कुणाची घ्यायची, तर समोर उभ्या असलेल्या सुग्रीवची. चोर कुठून चढला असेल, हेही सुग्रीवनेच दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं.

त्या दिवसापासून कय्युमच्या फाटकाला दोन कुलपं लागली आणि अंगणात खाट पडली. शिडी परत ठेवायची वाटच बंद झाली.

"शिडी कवा देणार हाव?" वनमाला रोज विचारायची.

"देतो गं. जरा सवड मिळू दे."

शेवटी शिडी ओळखू येऊ नये म्हणून सुग्रीवने ती रंगवायचं ठरवलं. रंगासाठी तो गेला कय्युमकडेच.

"खाटंला मारायला थोडा निळा रंग हाय का?"

"घे की. ब्रशबी ने," कय्युम म्हणाला. "पैशाचं बोलू नको. माझ्यासंगं ठाण्यात आलास, लई झालं."

समोरच्या औषधाच्या दुकानाला कॅमेरा होता. त्यात गमछा बांधलेला माणूस शिडी घेऊन पळताना दिसला, आणि पळत कुठे गेला तेही दिसलं. हवालदार त्या गल्लीत दारोदार विचारत आला. सुग्रीव घरी नव्हता. वनमाला दारात उभी होती.

"बाई, इथं कुणी शिडी आणलीय का?"

"आणलीय की. कय्युमभाईची. आमच्या ह्यांनीच आणली मला उतरवायला," वनमाला म्हणाली. "बघा, कशी निळी करून ठेवलीय. त्यांचं सामान घेतलं तर चांगलं करूनच द्यावं मानसानं."

ठाण्यात कय्युमला बोलावलं तेव्हा तो निळ्या शिडीकडे पाहत राहिला. मग मान खाली घालून बसलेल्या सुग्रीवकडे वळला.

"नेलीस त्याचं काय न्हाई बे," तो हळू आवाजात म्हणाला. "मागितली असतीस तर खांद्यावर घालून आणून दिली असती. पण माझ्याच रंगानं रंगवलीस?"

साहेबांनी सुग्रीवकडून हजर राहण्याचं लिहून घेतलं आणि घरी सोडलं. आठवडाभर कय्युमने त्याचं तोंड पाहिलं नाही. एरवी टपरीवर सुग्रीव आला की दोन कप सांगायची पद्धत होती. आता तो आला की माणसं आपापल्या चपला पाहून घेऊ लागली.

इकडे शिडी मुद्देमाल म्हणून ठाण्यात अडकली. शिडीवाचून कय्युमचं काम बंद पडलं. शेवटी भाड्याची डुगडुगती शिडी वापरून तो पाटी रंगवताना पडता पडता वाचला आणि तडक ठाण्यात गेला.

"साहेब, मला तक्रार मागं घ्यायचीय."

"आता ती तुमची राहिली नाही. सरकारची झाली," साहेब म्हणाले. "घरात शिरून चोरी, असं कलम लागलंय. हे आपसात मिटत नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत."

सात वर्षं ऐकून कय्युम बाहेर आला आणि सरळ सुग्रीवच्या दारात जाऊन उभा राहिला. "भाभी, त्याला म्हणावं, चप्पल घाल. वकिलाकडं जायचंय."

सरकारी मदतीतून मिळालेल्या वकील राजनंदिनी तरुण होत्या. फिर्यादी आणि आरोपी एकाच मोटारसायकलवरून आलेले त्यांनी प्रथमच पाहिले. त्यांनी सगळी हकिकत ऐकली, दोनदा फाइलमागे तोंड लपवून हसल्या, आणि मग गंभीर झाल्या.

"खटला लढू शकतो. पण तारखा किती वर्षं चालतील सांगता येत नाही."

"हंगाम सुरू झाल्यावर तारखांना रजा कोण देईल, ताई?" सुग्रीव म्हणाला. "आन् घरफोड्या म्हणून नाव लागलं, तर कारखान्यात घेतील का मला?"

"मग दुसरी वाट आहे. तुमचा पहिलाच गुन्हा आहे. तुम्ही स्वतःहून कबूल केलंत, तर सरकारी वकील, तपास करणारे साहेब, कय्युमभाई आणि आपण एकत्र बसून तडजोड मांडता येते. शिडी उघड्या अंगणात होती, घरात नव्हती. मोठं कलम गेलं तर उरते साधी चोरी. वस्तू परत, किंमत थोडी. तुरुंगाऐवजी समाजसेवा मिळू शकते. पण चोरी केली नसेल, तर केली म्हणू नका. ते मी म्हणू देणार नाही."

"तडजोडीचा अर्ज लिहा, ताई," सुग्रीव म्हणाला.

बैठक झाली. सरकारी वकिलांनी बरीच कां-कूं केली, पण कय्युमने इतक्या हिरिरीने आरोपीची बाजू मांडली, की शेवटी त्यांनी विचारलं, "नेमकी शिडी कुणाची गेली होती?" घराचं कलम सुटलं, साधी चोरी राहिली.

मग कोर्टात न्यायाधीशबाईंनी बाकी सगळ्यांना बाहेर पाठवलं. आत सुग्रीव एकटा उभा राहिला.

"कुणी दबाव टाकला म्हणून कबूल करताय का?"

"न्हाई, मॅडम."

"मग चोरी केली होती का?"

सुग्रीवने टोपी हातात घेतली. "शिडी आणली तवा चोरी न्हवती, मॅडम. बायको उन्हात भाजत व्हती. पण पुढं टपरीवर दोस्त ओरडत व्हता, आन् मी त्याच्यासंगंच चोराला शिव्या घातल्या. तिथनं खरं सांगायचं मनच झालं न्हाई. भ्या वाटलं. मग रंगवून घरीच ठेवायची ठरवली. ती चोरीच हाय. म्या केली."

न्यायाधीशबाईंनी काही वेळ लिहिलं. मग विचारलं, "पत्नीच्या पायाचे फोड बरे झाले का?"

"फोड बरे झाले. बोलनं अजून चालू हाय."

तडजोड मान्य झाली. शिडी कय्युमला परत मिळाली, आणि सुग्रीवला शिक्षा मिळाली ती गावातल्या सरकारी शाळेची आवारभिंत रंगवायची.

पहिल्या दिवशी सुग्रीवने रंग लावला तो भिंतीपेक्षा स्वतःला जास्त लागला. पाहणारे थांबून हसू लागले. संध्याकाळी कय्युम तिथून जाताना थबकला. त्याने भिंत पाहिली आणि त्याला राहवेना.

"माझ्या शिडीची इज्जत घालवतो का बे? उतर खाली."

दुसऱ्या दिवशी कय्युम शिडीवर होता. सुग्रीव खाली शिडी धरून उभा होता आणि डबे वर देत होता. भिंत पाहता पाहता उजळत चालली. तेवढ्यात कोर्टाने नेमलेले देखरेखीचे साहेब फाइल घेऊन आले.

"काम छान आहे. यातला आरोपी कोण?"

शिक्षा दुसराच भोगतोय हे कळलं तर सुग्रीव पुन्हा अडकेल, एवढं कय्युमला कळलं. वरून तो चटकन म्हणाला, "मीच की, साहेब."

"बघा!" साहेब सुग्रीवकडे वळले. "आणि तुम्ही फिर्यादी असून चोराची शिडी धरता? केवढं मन आहे तुमचं!" मग वर पाहून दरडावले, "लाज वाटायला पाहिजे तुला. इतक्या भल्या माणसाच्या घरी चोरी करतोस?"

रस्त्यावरची माणसं थांबली होती. सगळी कय्युमकडे पाहत होती.

"खोटं हाय!" सुग्रीव सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडला. "साहेब, चोर मी हाय! शिडी म्या चोरली! ह्यानं न्हाई!"

"त्याचं ऐकू नका, साहेब. ऊन लागलंय त्याला."

"ऊन बिन काय न्हाई! चोर मीच हाय!"

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग घाम पुसत फाइलमध्ये 'काम समाधानकारक' एवढंच लिहिलं आणि ते सावलीच्या शोधात निघून गेले.

"चोर मी हाय!" सुग्रीव त्यांच्या पाठीमागून अजून ओरडतच होता.

वरून कय्युमने ब्रश रोखला. "गप बस ना बे! एवढी भिंत होऊ दे, मग काय चोर व्हायचं ते हो. शिडी हलू लागलीय, धर नीट."

सुग्रीवने डोळे पुसले आणि शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.